वाय-फाय ७ च्या जाहिराती आणि कासुर्डीतलं घर : नवा राउटर नेमका काय बघून घ्यायचा?

मे २०२५ मध्ये केंद्राच्या दूरसंचार विभागानं एक मसुदा प्रसिद्ध केला. वरवर बघितलं तर नुसती आकड्यांची जंत्री. ५९२५ ते ६४२५ मेगाहर्ट्झ हा लहरींचा पट्टा वाय-फायसारख्या यंत्रांसाठी मोकळा करायचा, तो वापरायला परवाना लागणार नाही, असं त्यात म्हटलं होतं. तंत्रज्ञानाच्या पानावर कोपऱ्यात छापून येणारी बातमी. पण रील्सपर्यंत पोचता पोचता तिचं झालं, "आता घरातलं नेट सुसाट. जुना राउटर फेका, वाय-फाय ७ घ्या."

राउटर बदलायची गरज अनेक घरांना आहे, यात वाद नाही. पण ही बातमी ऐकून बदलायचा का, हा वेगळा प्रश्न आहे. आणि त्याचं उत्तर मुंबईच्या फ्लॅटमध्ये एक येतं, तर कासुर्डीत दुसरंच.

कासुर्डी म्हणजे दौंड तालुक्यातलं, पुणे-सोलापूर महामार्गावरचं गाव. उरुळी कांचन सोडून यवतकडे निघालं की लागतं. हा सगळा पट्टा उसाचा आणि गुऱ्हाळांचा. पुणं इतकं जवळ की नोकरी तिकडं आणि घर इकडं, असं गणित अनेकांचं बसतं. करोनानंतर घरून काम सुरू झालं आणि नेट हे टीव्हीपुरतं राहिलं नाही. या भागातल्या भरल्या घरातली संध्याकाळ डोळ्यासमोर आणा. एकाची कंपनीची मीटिंग चालू आहे, धाकटीचा ऑनलाइन क्लास, आजी-आजोबांची मालिका स्मार्ट टीव्हीवर, दोघातिघांच्या हातात रील्स, आणि दारात-गोठ्यात बसवलेले सीसीटीव्ही. पंधरा-वीस यंत्रं एका डब्याला लोंबकळलेली असतात. मग आठ-साडेआठला कुणीतरी ओरडतं, "नेट गेलं!"

आणि दोष जातो त्या डब्यावर.

आधी हिशेब मांडू

नेटफ्लिक्सच्या स्वतःच्या शिफारशीनुसार फुल एचडी चित्राला ५ एमबीपीएस पुरतात, ४के ला १५. झूमच्या मीटिंगला चांगल्या दर्जाचं चित्र हवं असेल तर ३ ते ४ एमबीपीएस. म्हणजे वर सांगितलेल्या घरात एक टीव्ही ४के वर, एक मीटिंग, एक क्लास आणि दोन फोन व्हिडिओवर धरले, तरी सगळं मिळून ३० ते ३५ एमबीपीएसच्या आसपास जातं. (जाता जाता : सरकारी व्याख्येनुसार २ एमबीपीएस मिळाले तरी ते ब्रॉडबँडच. २०२३ पर्यंत तर ५१२ केबीपीएसलाही ब्रॉडबँड म्हणत होते.)

घरी प्लॅन १०० एमबीपीएसचा असेल, तर कागदावर दोन तृतीयांश नेट शिल्लक आहे. तरी अडतं. म्हणजे अडचण प्लॅनमध्ये नाही. ती डब्यापासून हातातल्या फोनपर्यंतच्या हवेत असू शकते, किंवा डब्यापासून मागे केबलवाल्याच्या तारेत.

हे ओळखायला इंजिनिअर लागत नाही. एक लॅपटॉप आणि एक लॅन केबल पुरते. लॅपटॉप थेट डब्याला केबलनं जोडा आणि स्पीड टेस्ट करा. मग केबल काढून, डब्याशेजारीच बसून वाय-फायवर करा. तिसऱ्यांदा जिथं नेट अडतं त्या खोलीत जाऊन करा. हेच तिन्ही आकडे एकदा सकाळी सहाला घ्या आणि एकदा रात्री नऊला.

केबल लावूनही रात्री नऊला वेग कोसळत असेल, तर दहा हजारांचा राउटर आणूनही काही फरक पडणार नाही. मागची वाट तुंबली आहे, तक्रार तिकडं करायची. केबलवर ९५ आणि शेजारी बसून वाय-फायवर ३० येत असतील, तर डबा जुना किंवा कमजोर आहे. शेजारी ९० आणि आतल्या खोलीत ५ येत असतील, तर डब्यापेक्षा भिंत गुन्हेगार आहे. तिन्ही आकडे चांगले, तरीही मीटिंग तुटते? मग घरात कुणाच्या तरी फोनवरून लग्नाचे व्हिडिओ क्लाउडवर चढत असण्याची शक्यता मोठी. अपलोडची वाट भरली की तिच्या मागं सगळ्यांची रांग लागते, आणि मीटिंगचा आवाज त्या रांगेत अडकतो. स्पीड टेस्टमध्ये हे सहसा दिसत नाही, म्हणून लोक वर्षानुवर्षं याचा दोष रेंजला देतात. यावर इलाज राउटरच्या सेटिंगमध्ये असतो, त्याला क्यूओएस म्हणतात. ऑपरेटरच्या अनेक डब्यांत हे सेटिंग एक तर नसतं, नाहीतर ग्राहकाला उघडता येत नाही.

पण हा डबा आहे कुणाचा?

इथं आपल्याकडची एक गोष्ट समजून घ्यावी लागते. परदेशी यूट्यूबरचे व्हिडिओ बघून राउटर निवडणारे लोक इथंच फसतात.

फायबर घेतलं की कंपनी किंवा केबलवाला जो डबा बसवतो, तो नुसता राउटर नसतो. त्याला ओएनटी म्हणतात. काचेच्या तारेतून आलेला प्रकाश विजेच्या संदेशात बदलायचं मूळ काम त्याचं. वाय-फाय हे त्याच्याच पोटात घातलेलं जोडकाम. मागं हिरव्या टोकाची बारीक वायर आत गेलेली दिसते, ती फायबर. 'पॉन' नावाचा दिवा स्थिर हिरवा असेल तर लाइन ठीक आहे. 'लॉस' नावाचा दिवा लाल लुकलुकत असेल तर प्रकाशच पोचत नाही, म्हणजे कुठंतरी वायर तुटली किंवा दुमडली. अशा वेळी राउटर बंद-चालू करत बसण्यात अर्थ नाही.

दुकानातून आणलेला साधा राउटर या डब्याची जागा घेऊ शकत नाही. त्यात फायबर घुसतच नाही. त्यामुळं 'राउटर बदलणं' याचा आपल्याकडं खरा अर्थ असा की, ऑपरेटरचा डबा जागेवर राहू द्यायचा, त्याचं वाय-फायचं काम काढून घ्यायचं आणि ते मागं जोडलेल्या नव्या राउटरला द्यायचं. दोन्हींमध्ये एक लॅन केबल.

त्याचे दोन मार्ग आहेत. ऑपरेटरला सांगून ओएनटी 'ब्रिज मोड'मध्ये टाकून घ्यायचा, मग सगळा कारभार नव्या राउटरकडं येतो. किंवा नव्या राउटरलाच 'ॲक्सेस पॉइंट मोड'मध्ये ठेवायचं. तेव्हा कारभार जुन्याकडं राहतो, नवा फक्त हवेत लहरी सोडतो. क्यूओएससारखी सोय हवी असेल तर पहिला मार्ग. ऑपरेटर ऐकत नसेल, तर दुसरा मार्ग त्याला न विचारता करता येतो आणि बऱ्याच घरांना तो पुरतो. यातलं काहीच न करता नुसतं जोडून दिलं तरी नेट चालतं, पण एकात एक दोन राउटर बसल्यासारखं होतं. मग सीसीटीव्ही बाहेरून दिसत नाही, गेम अडकतात आणि कारण सापडत नाही.

अर्थात पैसे घालायच्या आधी एक फुकटचा प्रयोग करायला हरकत नाही. हा डबा बहुतेक वेळा वायर जिथून घरात शिरते तिथंच ठोकलेला असतो. दाराच्या वर, टीव्हीच्या मागं, नाहीतर लोखंडी कपाटाच्या आड. जुन्या घराची दगडी भिंत दीड-दोन फुटांची असते, नव्या बंगल्यात आरसीसीचा स्लॅब असतो आणि पडवीवर पत्रा. दगड आणि काँक्रीट लहरी शोषतात, पत्रा त्यांना सरळ परत फेकतो. डबा घराच्या मध्यावर, उंचावर आणि उघड्यावर आणला की काही घरांत नव्या राउटरचा विषयच संपतो. फायबरची वायर लांबवायला केबलवाला थोडे पैसे मागेल, ते राउटरपेक्षा कमीच असतील.

मग त्या सहा गिगाहर्ट्झच्या बातमीचं काय?

वाय-फाय आपल्याकडं आजवर दोन पट्ट्यांवर चालत आलं. २.४ गिगाहर्ट्झचा पट्टा २००५ मध्ये परवानामुक्त झाला. तो लांबवर जातो, भिंत ओलांडतो, पण अरुंद आहे. एकमेकांना न धडकणारे चॅनेल त्यात तीनच बसतात : १, ६ आणि ११. शेजारच्या चार घरांचे राउटर, ब्लूटूथ आणि मायक्रोवेव्ह, सगळे त्याच गल्लीत. दुसरा पट्टा ५ गिगाहर्ट्झचा. तो रुंद आणि वेगवान, पण भिंतीपुढं लवकर दमतो.

आता मसुद्यात आला तो तिसरा, ६ गिगाहर्ट्झचा खालचा भाग, एकूण ५०० मेगाहर्ट्झ. अमेरिकेनं एप्रिल २०२० मध्येच १२०० मेगाहर्ट्झ मोकळे केले होते, युरोपनं २०२१ मध्ये साधारण ५००. भारतात मात्र या पट्ट्यावरून बराच काळ ओढाताण चालली. मोबाइल कंपन्यांची संघटना सीओएआय म्हणत होती, हा पट्टा मोबाइल सेवेला द्या. ब्रॉडबँड इंडिया फोरमचं म्हणणं, वाय-फायला मोकळा करा. मसुद्यानं खालचा भाग वाय-फायच्या पदरात टाकायचं ठरवलं.

फायदा खरा आहे. वाय-फाय ७ चं मोठं आकर्षण म्हणजे ३२० मेगाहर्ट्झ रुंदीचा चॅनेल, आणि तो फक्त याच पट्ट्यात बसतो. पण ५०० मध्ये ३२० चा चॅनेल बसतो तो एकच. आणि अटी वाचल्या तर चित्र आणखी स्पष्ट होतं. मसुद्यानुसार घराच्या आत कमाल ३० डीबीएम, म्हणजे साधारण एक वॉट ताकद चालेल. घराबाहेर फक्त १४ डीबीएम, म्हणजे जेमतेम २५ मिलिवॉट. गाडीत, बोटीत, ड्रोनवर वापर नाही.

आता ही गोष्ट दोन घरांत लावून बघा. डोंबिवलीतल्या सोसायटीत एका फ्लॅटमधून वीस-पंचवीस शेजाऱ्यांचे राउटर दिसतात. तिथं नवा, रिकामा पट्टा मिळणं म्हणजे सिंहगड रोडला समांतर नवा रस्ता मिळण्यासारखं. लहरी भिंतीपलीकडं फारशा जात नाहीत, हा तिथं गुणच ठरतो, कारण शेजाऱ्याच्याही आपल्याकडं येत नाहीत.

कासुर्डीत मळ्यातल्या घराभोवती शेजाऱ्याचे किती राउटर दिसतात? एखादा, कधी तोही नाही. हवेत गर्दी नाहीच. तिथलं दुखणं अंतराचं आणि भिंतींचं आहे, आणि ६ गिगाहर्ट्झ नेमकं त्यातच सर्वांत कच्चं. म्हणजे जो पट्टा शहरी घराचं दुखणं बरं करतो, तो इथं जाग्यावर पडून राहणार.

त्यात आणखी एक गोम. खोक्यावर 'वाय-फाय ७' लिहिलं म्हणजे आत ६ गिगाहर्ट्झ असतंच असं नाही. फक्त २.४ आणि ५ वर चालणारे वाय-फाय ७ राउटरही बाजारात आहेत. परदेशातून मागवलेल्या राउटरमध्ये हा पट्टा असला, तरी भारतासाठीच्या सॉफ्टवेअरमध्ये तो बंद असू शकतो. आणि राउटरनं सगळं दिलं, तरी समोरच्या फोनला ते ऐकू यायला हवं. बजेटमधले फोन अजून वाय-फाय ५ वर आहेत, आणि स्वस्तातले सीसीटीव्ही, स्मार्ट बल्ब बहुतेक करून फक्त २.४ वर.

मळ्यातल्या घरापर्यंत नेट न्यायचं असेल तर

गावाकडच्या घराची खरी अडचण इथं आहे आणि राउटरच्या जाहिराती त्याबद्दल चकार शब्द काढत नाहीत. नेट येतं गावठाणातल्या घरात. पण भावाचं घर मळ्यात, किंवा गोठा दीडशे-दोनशे फुटांवर, आणि बिबट्याच्या धास्तीनं कॅमेरा बसवायचाय तो तिथं. मग लोक मोठ्या अँटेनांचा राउटर आणतात. आठ अँटेना असलेला राउटरही दोनशे फुटांवर दगडी भिंतीतून रेंज देत नाही. कारण राउटर ओरडला तरी फोनचा आवाज तेवढा मोठा नसतो, आणि वाय-फाय हे दोघांचं बोलणं असतं.

इथं कामाची बातमी २०२५ ची नाही, २०१८ ची आहे. त्या वर्षी ऑक्टोबरमध्ये सरकारनं ५ गिगाहर्ट्झमधला ६०५ मेगाहर्ट्झचा पट्टा परवानामुक्त केला, घराच्या आत आणि बाहेरही. त्याआधी या पट्ट्याचा बराच भाग फक्त इमारतीच्या आत वापरायची मुभा होती. तेव्हा या निर्णयावर कुणी रील्स केल्या नाहीत, पण गच्चीवरून गच्चीवर नेट पाठवणं सर्वसामान्यांना त्यामुळं सोपं झालं. पांढऱ्या रंगाची, टिफिनएवढी दोन यंत्रं मिळतात. एक गावातल्या घराच्या गच्चीवर, एक मळ्यातल्या. तोंडं एकमेकांकडं. मध्ये अडथळा नसेल तर काहीशे मीटर हे काम आरामात होतं.

मध्ये अडथळा नसेल तर, हे मात्र पुन्हा सांगायला हवं. कारण मध्ये ऊस आहे. जूनमध्ये लावणी कमरेएवढी असताना जोडणी केली की वेग झकास मिळतो. दिवाळीनंतर ऊस दहा-बारा फुटांवर जातो, पाण्यानं भरलेली पानं ५ गिगाहर्ट्झच्या लहरी पिऊन टाकतात आणि 'यंत्र बिघडलं' म्हणून फोन सुरू होतात. तोडणी झाली की यंत्र आपोआप 'दुरुस्त'! म्हणून ही यंत्रं बसवताना आजचा ऊस नाही, तुऱ्यावर आलेला ऊस धरून उंची ठरवायची. पाण्याच्या टाकीच्या वर पाइप लावून बसवली तर उत्तम.

अंतर शंभर मीटरच्या आत असेल तर केबल टाकण्याचा मोह होतो. लॅन केबलची मर्यादा शंभर मीटरच आहे. पण दोन वेगळ्या घरांमध्ये उघड्यावरून तांब्याची केबल टाकणं म्हणजे वळवाच्या पावसाला आमंत्रण. जवळपास वीज कोसळली की झटका त्या केबलमधून दोन्हीकडच्या डब्यांत शिरतो. दोन घरांचं अर्थिंग वेगळं असेल तर वीज न पडताही पोर्ट जळू शकतात. अशा जागी फायबर टाकावी. काचेतून वीज वाहत नाही. फक्त तिच्या सोबतीला आधाराची लोखंडी तार असेल तर ती घराबाहेरच थांबवायची. दोन टोकांना मीडिया कन्व्हर्टर नावाची छोटी यंत्रं लावली की झालं.

घराच्या आत मात्र तांब्याची केबल हाच राजा. घेताना 'शुद्ध तांबं' आहे याची खात्री करा. आत ॲल्युमिनियम आणि वरून तांब्याचा मुलामा दिलेली केबल निम्म्या भावात मिळते, लांब अंतरावर तीच नंतर त्रास देते. ब्लेडनं तार खरवडली की आतला पांढरा रंग दिसतो.

आणि मेश? दोन-तीन डब्यांचा संच, एकाच नावाचं वाय-फाय घरभर. कल्पना चांगली आहे. पण मधला डबा एकाच लहरीवर ऐकणार आणि त्याच लहरीवर पुढं सांगणार असेल, तर वेग जवळजवळ निम्मा होतो. स्वस्तातल्या रिपीटरचं तर हेच दुखणं. मेशचे डबे एकमेकांना केबलनं जोडले की तक्रार मिटते. बांधकाम चालू असलेल्या घरात प्रत्येक खोलीला विजेच्या पाइपपासून वेगळा एक रिकामा पाइप टाकून ठेवला, तर पुढच्या वीस वर्षांची सोय होते.

दुकानात उभं राहिल्यावर

समजा, सगळे प्रयोग झाले आणि नवा राउटर घ्यायचाच आहे. खोक्यावर 'एसी १२००', 'एएक्स १५००', 'एएक्स ३०००' असं छापलेलं असतं. हा वेग नाही, ही बेरीज आहे. एएक्स १५०० म्हणजे २.४ वर ३०० आणि ५ वर १२०१. एएक्स ३००० म्हणजे ५७४ अधिक २४०२. एक फोन एका वेळी एकाच पट्ट्यावर असतो, त्यामुळं ही बेरीज त्याच्या वाट्याला कधीच येत नाही. आणि हे आकडेही प्रयोगशाळेतले. प्रत्यक्षात त्याच्या निम्मे मिळाले तरी ठीक चाललंय समजायचं.

आकड्याऐवजी मागची भोकं बघा. म्हणजे पोर्ट. काही एसी १२०० राउटरचे पोर्ट १०० एमबीपीएसचेच असतात. वाय-फाय ८६७ चं आणि नेट आत येणार ते १०० च्या भोकातून, म्हणजे मोठ्या टाकीला अर्ध्या इंची नळ. आज प्लॅन १०० चा असला तरी उद्या वाढणार, त्यामुळं 'गिगाबिट' पोर्ट नसेल तर तो राउटर ठेवून द्यावा. यात तडजोड करू नये.

दुसरं, वाय-फाय ६. याचं कारण वेग नाही, गर्दी आहे. जुनं वाय-फाय म्हणजे ग्रामसभेतला एकच माइक. एका वेळी एकानं बोलायचं, बाकीच्यांनी थांबायचं. सावकाश बोलणारा एखादा जुना फोन किंवा लांबचा कॅमेरा माइक धरून बसला की सगळी सभा खोळंबते. म्हणूनच वेग शिल्लक असूनही नेट अडकतं. वाय-फाय ६ मध्ये एका चॅनेलचे छोटे तुकडे पाडून अनेकांना एकाच वेळी बोलू देण्याची सोय आहे. पंधरा-वीस यंत्रांच्या घराला तिचा उपयोग होतो, मात्र समोरची यंत्रंही वाय-फाय ६ ची हवीत. जी यंत्रं हलत नाहीत, म्हणजे टीव्ही, सीसीटीव्हीचा रेकॉर्डर, ऑफिसचा लॅपटॉप, ती केबलवर टाकली की माइकसाठीची रांग आपसूक छोटी होते. हा एक बदल बऱ्याचदा नव्या राउटरइतकाच परिणाम करतो.

भरल्या घरासाठी गिगाबिट पोर्टचा, दोन पट्ट्यांचा वाय-फाय ६ राउटर साधारण तीन ते पाच हजारांच्या घरात बसतो. त्याच्या वरचे पैसे वाय-फाय ७ वर घालण्यापेक्षा कासुर्डीसारख्या ठिकाणी दुसऱ्या ॲक्सेस पॉइंटवर, चांगल्या केबलवर आणि बॅटरीवर घालावेत.

हो, बॅटरीवर. लाइट जाते तेव्हा मोबाइलच्या टॉवरवरही ताण येतो आणि घरचं नेट तर डब्यासकट झोपतं. फायबरला मात्र वाटेत बहुतेक ठिकाणी वीज लागत नाही. पलीकडं केबलवाल्याचा बॅकअप चालू असेल आणि इकडं आपला डबा जिवंत असेल, तर अंधारातही मीटिंग चालते. ओएनटी आणि राउटर सहसा १२ व्होल्टवर चालतात, त्यांच्यासाठी छोटे यूपीएस मिळतात. घेताना दोन्ही डब्यांच्या अडॅप्टरवरचे व्होल्ट आणि अँपिअर वाचून बेरीज करायची. नऊ व्होल्टच्या राउटरला बाराची पिन लावली तर राउटर बदलायचं वेगळं कारण तयार होतं. दाब खाली-वर होणाऱ्या भागात याचा आणखी एक उपयोग, झटका आधी यूपीएस खातो.

आणि जुना राउटर 'चालतोय की' म्हणून ठेवायचा?

मे २०२५ मध्येच, इकडं ६ गिगाहर्ट्झचा मसुदा येत असताना, अमेरिकेच्या एफबीआयनं एक इशारा दिला होता. कंपनीनं अपडेट देणं बंद केलेले जुने राउटर गुन्हेगार ताब्यात घेतात आणि त्यांच्या आडून आपले उद्योग करतात, असं त्यात म्हटलं होतं. 'द मून' नावाचा व्हायरस त्यासाठी वापरला जात होता. यादीत लिंक्सिसचे ई १२००, ई २५०० यांच्यासारखे एकेकाळी घरोघरी असलेले मॉडेल होते. राउटर व्यवस्थित चालत असतो, नेटही येत असतं, मालकाला पत्ता नसतो.

आपल्याकडं याचा अर्थ काय होतो? कनेक्शन ज्याच्या आधारवर, आयपी पत्ता त्याच्या नावावर. त्या पत्त्यावरून कुणी फसवणूक केली तर पोलिसांची पहिली विचारणा त्याच दारात येते. गल्लीतल्या दहा पोरांना पासवर्ड दिलेला असेल, तरीही हेच.

म्हणून विकत घेताना कंपनीच्या साइटवर जाऊन त्या मॉडेलचं शेवटचं अपडेट कधी आलं, एवढं बघावं. दोन वर्षांपूर्वीचं असेल तर सवलत कितीही असो, तो माल निकालात निघालेला आहे. आपोआप अपडेट होण्याची सोय हवी, डब्ल्यूपीए ३ हवं. घरी आणल्यावर पहिल्या दिवशी 'ॲडमिन' हा पासवर्ड बदलायचा आणि डब्ल्यूपीएस बंद करायचं. पाहुण्यांसाठी आणि सीसीटीव्हीसाठी 'गेस्ट' नेटवर्क वेगळं ठेवायचं. लग्नकार्याला जमलेल्या चाळीस फोनांना घरचा मूळ पासवर्ड देण्यापेक्षा गेस्टचा द्यावा आणि मांडव उतरला की बदलून टाकावा.

जुन्या राउटरला अजून अपडेट येत असतील, तर तो ॲक्सेस पॉइंट करून पडवीत किंवा वरच्या मजल्यावर केबलनं जोडता येतो. येत नसतील, तर तो ई-कचऱ्यात द्यायचा. ऑपरेटरचा ओएनटी असेल तर तो परत मागितला जाऊ शकतो, तो भंगारात घालू नये. आणि देण्याआधी मागचं रिसेटचं बारीक बटण पिननं दहा-पंधरा सेकंद दाबून धरायचं, कारण घरच्या वाय-फायचा पासवर्ड आणि कधी कधी कनेक्शनचा युजरनेमसुद्धा त्याच्या पोटात तसाच राहिलेला असतो.